गटांत विभागलेल्या याद्या आणि स्क्रीन रीडर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'आज', 'काल', 'मागचा आठवडा' अशा शीर्षकांखाली विभागलेली यादी बघणाऱ्याला एका नजरेत कळते. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं बोलून किंवा ब्रेलमध्ये सांगणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला तीच यादी अनेकदा एकसलग मिळते, नाहीतर शीर्षकंच आयटम असल्यासारखी मध्ये मध्ये घुसलेली असतात. खालच्या उत्तरांत विंडोजवर भर आहे, कारण तिथे टूलकिट (अ‍ॅपच्या खिडक्या, याद्या, बटणं बनवायची साधनं) जास्त आणि घोळही जास्त. मॅक, लिनक्स आणि इलेक्ट्रॉनचे (वेब तंत्रावर बनलेल्या डेस्कटॉप अ‍ॅपचे) प्रश्न शेवटाकडे आहेत.

स्क्रीनवर गट नीट दिसतात. मग स्क्रीन रीडरला ते का कळत नाहीत?

कारण तो स्क्रीनवर काय रंगवलंय ते बघतच नाही. अ‍ॅप ऑपरेटिंग सिस्टिमला जी अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्री (कोणता घटक कशाच्या आत आहे, त्याचं नाव आणि भूमिका काय, याची उतरंड) पुरवतं, ती तो वाचतो. विंडोजवर ती यूआय ऑटोमेशनमधून येते (जुन्या अ‍ॅप्समध्ये एमएसएएमधून), मॅकवर एनएसअ‍ॅक्सेसिबिलिटीमधून आणि लिनक्सवर एटी-एसपीआयमधून. ट्रीमध्ये यादीखाली सगळे आयटम एकाच रांगेत असतील आणि शीर्षक म्हणजे नुसता रंगवलेला मजकूर असेल, तर स्क्रीन रीडरच्या लेखी गट अस्तित्वातच नाहीत.

फोकस (कीबोर्ड सध्या ज्या घटकावर आहे ती जागा) हलला की स्क्रीन रीडर नव्या आयटमच्या पॅरेंटची (त्याला सामावणाऱ्या वरच्या घटकांची) साखळी आधीच्या साखळीशी ताडून बघतो आणि जे पॅरेंट नव्याने आले तेवढेच बोलतो. त्यामुळे गट हा आयटमचा पॅरेंट असला आणि त्याला नाव असलं, की गट बदलताना ते नाव आपोआप आणि एकदाच ऐकू येतं. खालचे बहुतेक उपाय फिरून याच गोष्टीवर येतात.

यादी बरोबर केली असेल तर ऐकायला कशी लागते?

मेलची यादी घेऊ. फोकस 'आज' या गटातल्या शेवटच्या मेलवर आहे आणि वापरणारा खालचा अ‍ॅरो दाबत जातो:

«सुट्टीचा अर्ज, न वाचलेला, ५ पैकी ५»
«काल, गट. बैठकीचं इतिवृत्त, जोडपत्र आहे, ८ पैकी १»
«छपाईचे दर, ८ पैकी २»

'काल' एकदाच आलं, मोजणी गटापुरती झाली, आणि शीर्षकावर वेगळं थांबावं लागलं नाही. शब्दांचा क्रम स्क्रीन रीडरप्रमाणे थोडा बदलतो; तो आपल्या हातात नसतो आणि असूही नये. बिघडलेल्या यादीत याच जागी साधारण असं ऐकू येतं:

«सुट्टीचा अर्ज, ७१ पैकी ६»
«काल, ७१ पैकी ७»
«मेलअ‍ॅप डॉट मॉडेल्स डॉट मेसेज, ७१ पैकी ८»

गटाचं नाव प्रत्येक आयटमच्या नावातच घातलं तर? सोपं पडेल.

तुम्हाला सोपं पडेल, ऐकणाऱ्याला नाही. सरावलेला माणूस वेगवान आवाजात प्रत्येक आयटमचे पहिले एकदोन शब्द ऐकतो आणि पुढे सरकतो. प्रत्येक ओळ 'मागचा आठवडा' अशी सुरू झाली, तर तेवढा वेळ दर ओळीमागे फुकट जातो. ब्रेल डिस्प्लेवर तर आणखी वाईट: ४० घरांच्या डिस्प्लेवर ओळीचा बराच भाग गटाच्या नावातच जातो. टूलकिट खरोखरच गट दाखवू देत नसेल तरच हा मार्ग घ्या, आणि तेव्हाही गटाचं नाव शेवटी टाका, किंवा फक्त गटातल्या पहिल्या आयटमला जोडा.

शीर्षकाला कीबोर्ड फोकस द्यावा का?

त्याच्यावर काही करता येत असेल तर द्या: गट मिटणं-उघडणं, सगळा गट निवडणं, संदर्भ मेनू. नुसतं लेबल असेल तर देऊ नका. अ‍ॅरोने जाणाऱ्याला तो निव्वळ अडथळा होतो. मात्र फोकस द्यायचा ठरवलात तर शीर्षकाची भूमिका आणि स्थिती दोन्ही कळल्या पाहिजेत. फोकस जातो, पण 'मिटलेला' की 'उघडलेला' ते बोललं जात नाही, ही फार नेहमीची चूक आहे.

गट मिटता-उघडता येतात. मग यादी ठेवावी की ट्री?

बहुतेक वेळा ट्री, म्हणजे फांद्या उघडता-मिटता येणारं ट्री कंट्रोल. ट्रीमध्ये डाव्या अ‍ॅरोने मिटणं, उजव्याने उघडणं आणि डाव्यानेच पॅरेंटवर जाणं हे वापरणाऱ्याच्या हाताला आधीपासून माहीत असतं. पातळी आणि उघडलं-मिटल्याची स्थिती स्क्रीन रीडर स्वतः सांगतात. यादीत हेच सगळं आणायचं तर कळा हाताळण्यापासून एक्सपांडकोलॅप्स पॅटर्नपर्यंत (उघडलं-मिटल्याची स्थिती कळवणाऱ्या यूआय ऑटोमेशनच्या भागापर्यंत) प्रत्येक गोष्ट तुम्हालाच लिहावी लागते. दिसणं यादीसारखंच ठेवून आतून ट्री वापरता येतं. डिझायनरला फरक कळतही नाही. गट कायम उघडेच राहणार असतील तर मात्र यादीच ठेवा, नाहीतर 'उघडलेला, पातळी १' ही बडबड विनाकारण वाढते.

गट मिटताना फोकस आतल्या आयटमवर असेल तर तो शीर्षकावर आणून ठेवा. तसं केलं नाही तर फोकस असलेला आयटम अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्रीतून नाहीसा होतो, फोकस खिडकीवर जाऊन पडतो आणि पुढचा अ‍ॅरो दाबल्यावर काहीच ऐकू येत नाही.

डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटसाठीच्या विंडोज टूलकिटमध्ये) आयटमऐवजी क्लासचं नाव का ऐकू येतं?

आयटमला नाव दिलेलं नसलं की डब्ल्यूपीएफ शेवटी डेटा ऑब्जेक्टची टूस्ट्रिंग मेथड वापरतं, आणि ती ओव्हरराइड केलेली नसली की नेमस्पेससकट क्लासचं नाव येतं. डेटा टेम्प्लेटमध्ये सुंदर मांडणी केली आहे याचा इथे काही उपयोग नाही. आयटमकंटेनरस्टाइलमध्ये ऑटोमेशनप्रॉपर्टीज.नेम या प्रॉपर्टीचा सेटर लिहा आणि तो डेटामधल्या एका तयार मजकुराला बाइंड करा: विषय, पाठवणारा, स्थिती, या क्रमाने. टेम्प्लेटच्या आतल्या टेक्स्टब्लॉकला नाव देऊन भागत नाही. फोकस कंटेनरवर (आयटमला गुंडाळणाऱ्या घटकावर) असतो, त्यामुळे नावही कंटेनरवरच हवं.

आणि डब्ल्यूपीएफमध्ये गटाचं नाव?

प्रॉपर्टीग्रुपडिस्क्रिप्शन वापरून गट केले की प्रत्येक गटासाठी ग्रुपआयटम तयार होतो आणि ट्रीमध्ये तो ग्रुप या प्रकारचा पॅरेंट म्हणून येतो. म्हणजे रचना बरोबर मिळते, अडतं ते नावाशी. काही न केल्यास तिथे 'एमएस.इंटर्नल.डेटा.कलेक्शनव्ह्यूग्रुपइंटर्नल' असलं काहीतरी कानावर पडतं. उपाय असा:

१. ग्रुपस्टाइलमध्ये कंटेनरस्टाइल लिहा, टार्गेटटाइप ग्रुपआयटम.
२. त्यात ऑटोमेशनप्रॉपर्टीज.नेमचा सेटर घाला आणि 'नेम'ला बाइंड करा. ग्रुपआयटमचा डेटाकॉन्टेक्स्ट कलेक्शनव्ह्यूग्रुप असतो आणि त्याची नेम प्रॉपर्टी म्हणजे गटाची किल्ली, ज्या मूल्यावरून गट केले ते.
३. किल्ली तारीख किंवा इनम असेल तर मध्ये कन्व्हर्टर घाला. नाहीतर स्क्रीनवर 'काल' दिसतं आणि ऐकू येतो तो वेळेसकट अख्खा दिनांक.

तारखांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग मजकूर घडवताना वापरणाऱ्याची भाषा न पाहता एलिमेंटची लँग्वेज प्रॉपर्टी पाहतं, आणि ती मुळात अमेरिकन इंग्रजी असते. त्यामुळे महिना आधी आणि दिवस नंतर ऐकू येतो. मुळाशीच लँग्वेज बदला.

शीर्षकात एक्सपांडर (मिटता-उघडता येणारं डब्ल्यूपीएफ कंट्रोल) टाकला आहे. कीबोर्डने तिथे पोचताच येत नाही.

लिस्टबॉक्समध्ये टॅबनॅव्हिगेशन मुळात 'वन्स' असतं, म्हणजे टॅब दाबला की माणूस सगळ्या यादीबाहेर जातो. अ‍ॅरो आयटमवरून आयटमवर उड्या मारतात. या दोन्हींच्या मध्ये एक्सपांडरचं बटण अडकून राहतं. माउसने चाचणी करणाऱ्याच्या हे कधीच लक्षात येत नाही. एक तर ट्रीव्ह्यू वापरा, नाहीतर प्रीव्ह्यूकीडाउनमध्ये डावा-उजवा अ‍ॅरो पकडून गट मिटवा-उघडा आणि फोकस स्वतः हलवा. एक्सपांडरच्या हेडरमध्ये साध्या मजकुराऐवजी ग्रिड, चिन्ह आणि आकडा अशी मांडणी असेल तर एक्सपांडरलाही नाव स्वतंत्र द्या. गट मिटलेला असताना आयटमांची संख्या नावातच सांगावी: 'काल, ८ संदेश'. गट उघडा असताना ती आयटमच्या मोजणीत येतेच.

'७१ पैकी ७' ही मोजणी गटापुरती कशी करायची?

पोझिशनइनसेट आणि साइझऑफसेट या दोन यूआय ऑटोमेशन प्रॉपर्टी त्यासाठीच आहेत. मोजणी १ पासून, गटापुरती, आणि शीर्षक त्यात धरायचं नाही. डब्ल्यूपीएफमध्ये अ‍ॅपचं लक्ष्य डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ असेल तर हे आकडे आपोआप मिळतात आणि गट केलेले असतील तर प्रत्येक गट वेगळा संच धरला जातो. स्क्रीनबाहेरचे, अजून तयार न झालेले आयटमही त्यात मोजले जातात. आधीच्या आवृत्तीला लक्ष्य केलेल्या अ‍ॅपमध्ये हे आकडे आपोआप मिळत नाहीत. 'माझ्या मशीनवर येतं, ग्राहकाकडे येत नाही' अशी तक्रार असली तर आधी टार्गेट आवृत्ती बघा.

यादी दहा हजार आयटमची आहे. व्हर्च्युअलायझेशन (फक्त दिसणाऱ्या आयटमचे कंटेनर तयार करणं) बंद करावं लागेल का?

नाही. डब्ल्यूपीएफमध्ये मात्र उलटच होतं: गट केले की व्हर्च्युअलायझेशन मुळात बंद पडतं. इजव्हर्च्युअलायझिंगव्हेनग्रुपिंग ही प्रॉपर्टी 'ट्रू' केल्याशिवाय सगळे कंटेनर एकदम तयार होतात आणि स्क्रीन रीडर चालू असताना खिडकी अडखळायला लागते. ती चालू करा. स्क्रीनबाहेरचे आयटम मग ट्रीमध्ये नसतात, पण अ‍ॅरोने पुढे गेलं की तयार होतात, आणि आयटमकंटेनर व व्हर्च्युअलाइज्डआयटम या पॅटर्नमधून सहायक सॉफ्टवेअरला मागताही येतात.

स्वतःच्या कंट्रोलमध्ये कंटेनर पुन्हा वापरत असाल तर रनटाइम आयडीकडे (यूआय ऑटोमेशन ज्यावरून घटक ओळखतं त्या खुणेकडे) लक्ष द्या. तो कंटेनरला बांधलेला असेल तर वेगळ्या आयटमलाही जुनाच आयडी मिळतो, आणि फोकस हललाच नाही असं समजून स्क्रीन रीडर गप्प राहू शकतो. आयडी डेटाला बांधा.

विनफॉर्म्सच्या (डॉट नेटच्या जुन्या विंडोज टूलकिटच्या) लिस्टव्ह्यूमध्ये गट आयते मिळतात ना?

मिळतात, पण अटी आहेत. शोग्रुप्स चालू हवं, एनेबलव्हिज्युअलस्टाइल्स बोलावलेलं हवं, दृश्य 'लिस्ट' प्रकारचं नको, आणि व्हर्च्युअलमोड चालू केला की गट गेलेच. डॉट नेट ५ पासून गट मिटता-उघडता येतात. त्यासाठी कोलॅप्स्डस्टेट आहे. एकाही गटात न घातलेले आयटम मूळच्या 'डीफॉल्ट' गटात जाऊन पडतात आणि वापरणाऱ्याला 'डीफॉल्ट, गट' ऐकू येतं. उरलेल्यांसाठी 'इतर' असा स्वतःचा गट करून ठेवा.

कंट्रोल पूर्णपणे आम्हीच रंगवतो. कुठून सुरुवात करायची?

डब्ल्यूएमगेटऑब्जेक्ट या संदेशाला उत्तर देण्यापासून. तिथून यूआय ऑटोमेशनचा प्रोव्हायडर (घटकाची माहिती पुरवणारा ऑब्जेक्ट) परत करायचा: मुळाशी यादी, तिच्याखाली गट, गटाखाली आयटम, प्रत्येकाचा वेगळा प्रोव्हायडर. ऐंशी टक्के त्रास नॅव्हिगेट मेथडमध्ये होतो म्हटलं तरी चालेल. गटाला 'पहिलं चाइल्ड' विचारल्यावर आयटम मिळतो, पण त्याच आयटमला 'पॅरेंट' विचारल्यावर गटाऐवजी थेट यादी मिळते. अशी एकतर्फी ट्री तपासणीच्या साधनात वरून खाली बघताना निर्दोष दिसते. स्क्रीन रीडर मात्र फोकसपासून वर चढतो, त्यामुळे त्याला गट सापडतच नाही. दोन्ही दिशांनी तपासा, आणि शेजाऱ्यांच्या दुव्यांचंही तसंच: गटातल्या शेवटच्या आयटमला 'पुढचा' विचारल्यावर काहीच मिळू नये, पुढच्या गटाचा आयटम तर नाहीच.

आणखी तीन गोष्टी. सिलेक्शनआयटम पॅटर्नमधला सिलेक्शन कंटेनर म्हणून यादी द्या, गट नव्हे. निवड अख्ख्या यादीची असते. फोकस बदलल्याचा इव्हेंट आयटमवरून पाठवा. यादीवरून पाठवलात तर दर अ‍ॅरोला यादीचंच नाव ऐकू येईल. आणि शंभर आयटम एकदम बदलले तर शंभर इव्हेंट न पाठवता स्ट्रक्चरचेंज्डचा 'चिल्ड्रनइनव्हॅलिडेटेड' एकदाच पाठवा.

विनयूआयमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या नव्या विंडोज टूलकिटमध्ये) काय वेगळं आहे?

फारसं नाही. कलेक्शनव्ह्यूसोर्सवर इजसोर्सग्रुप्ड 'ट्रू' करा, ग्रुपस्टाइलमध्ये हेडरटेम्प्लेट द्या, आणि आयटमची व गटाची नावं डब्ल्यूपीएफसारखीच तपासा.

शीर्षकांना हेडिंगलेव्हल दिलं तर काम भागेल?

एकट्याने नाही. नॅरेटरच्या (विंडोजमधल्या स्क्रीन रीडरच्या) स्कॅन मोडमध्ये एच दाबून शीर्षकांवर उड्या मारता येतात, तेवढा फायदा आहे. पण एनव्हीडीएचा (विंडोजवरच्या मोफत स्क्रीन रीडरचा) ब्राउझ मोड नेटिव्ह अ‍ॅपच्या यादीत नसतो, आणि अ‍ॅरोने यादीत फिरणाऱ्याला हेडिंगलेव्हल कधी भेटतच नाही. गटाची रचना आधी, ही वरची भर.

मॅकवर कसं?

एनएसटेबलव्ह्यूमध्ये इजग्रुपरो वापरून केलेलं शीर्षक ही शेवटी एक ओळच असते, बाकी ओळींच्या बरोबरीची. दिसायला गट, रचनेत नाही. एनएसआउटलाइनव्ह्यू घेतला की पातळी आणि उघडलं-मिटल्याची स्थिती व्हॉइसओव्हरला (मॅकमधल्या स्क्रीन रीडरला) मिळते. व्हॉइसओव्हरमध्ये चाचणी करताना यादीच्या आत शिरायला कंट्रोल, ऑप्शन, शिफ्ट आणि खालचा अ‍ॅरो एकत्र दाबावे लागतात. ते न केल्यामुळे 'आत काहीच वाचत नाही' असा चुकीचा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. गट उघडायला-मिटायला कंट्रोल, ऑप्शन आणि बॅकस्लॅश.

क्यूटी आणि जीटीके या टूलकिटमध्ये?

क्यूटीच्या क्यूलिस्टव्ह्यूमध्ये गट ही कल्पनाच नाही, क्यूट्रीव्ह्यू घ्या. मॉडेलमधून अ‍ॅक्सेसिबलटेक्स्टरोलला वेगळा मजकूर दिलात तर स्क्रीन रीडर दिसणाऱ्या मजकुराऐवजी तो घेतो. चिन्हांनी दाखवलेली स्थिती, उदाहरणार्थ न वाचलेलं किंवा महत्त्वाचं, शब्दांत सांगायची जागा हीच. क्यूएमएलच्या (क्यूटीच्या मांडणी लिहायच्या भाषेच्या) लिस्टव्ह्यूमधले सेक्शन फक्त दिसण्यापुरते असतात, त्यांच्यामुळे ट्रीत पॅरेंट तयार होत नाही. तिथे पर्याय म्हणजे वर नको म्हटलेलाच: सेक्शन बदलतो त्या पहिल्या आयटमच्या नावात सेक्शनचं नाव जोडणं.

जीटीके ४.१२ पासून जीटीकेलिस्टव्ह्यूला शीर्षकांसाठी हेडर फॅक्टरी देता येते आणि आयटमला अ‍ॅक्सेसिबल लेबलही. त्याआधीच्या आवृत्तीत हे दोन्ही नाहीत. ऑर्कावर (लिनक्सच्या स्क्रीन रीडरवर) ऐकून बघा, आणि ट्री बघायला अ‍ॅक्सरसायझर वापरा.

इलेक्ट्रॉन अ‍ॅप आहे. अ‍ॅरिया (वेबवरच्या घटकांची भूमिका आणि नाव स्क्रीन रीडरला कळवणारी पद्धत) कशी लावायची?

लिस्टबॉक्सच्या आत ग्रुप, ग्रुपच्या आत ऑप्शन. ही रचना अ‍ॅरिया १.२ ला मान्य आहे. दिसणाऱ्या शीर्षकाला आयडी द्या, ग्रुपच्या अ‍ॅरिया-लेबल्डबायमध्ये तो लिहा, आणि शीर्षकाच्या एलिमेंटला प्रेझेंटेशन भूमिका द्या, म्हणजे ते लिस्टबॉक्सच्या आत परका घटक ठरत नाही. आयटम डॉममध्ये (पानाच्या घटकांच्या रचनेत) थोडेच ठेवत असाल तर अ‍ॅरिया-पॉसइनसेट आणि अ‍ॅरिया-सेटसाइझ स्वतः भरा, नाहीतर मोजणी डॉममध्ये जेवढे आहेत तेवढ्यांचीच होते. फोकस असलेला आयटम स्क्रोल करताना डॉममधून काढू नका.

ऑप्शनच्या आत बटण ठेवायचा मोह आवरा. ऑप्शनच्या आतलं सगळं स्क्रीन रीडरला सपाट मजकूर म्हणून मिळतं. 'हटवा' हे बटण बटण म्हणून उरतच नाही. आयटमवर तीन बटणं हवीच असतील तर ग्रिड घ्या, किंवा ती कामं संदर्भ मेनूत टाका.

फिल्टर लावल्यावर फोकस हरवतो.

डेटा बदलताना यादी पुन्हा उभारली जाते आणि फोकस असलेला कंटेनर नष्ट होतो. उभारण्याआधी निवडलेल्या आयटमची किल्ली जपून ठेवा. नंतर तो आयटम शिल्लक असेल तर फोकस त्यावर ठेवा, नसेल तर त्याच गटात त्या जागी आलेल्यावर, गटच गेला असेल तर पुढच्या गटातल्या पहिल्यावर. माणूस फिल्टरच्या चौकटीत टाइप करत असेल तेव्हा मात्र फोकसला हात लावू नका. निकाल जाहीर करा: '३ गटांत १२ संदेश'. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून यूआय ऑटोमेशनमध्ये नोटिफिकेशन इव्हेंट आहे. डब्ल्यूपीएफमध्ये लाइव्हसेटिंग 'पोलाइट' ठेवून लाइव्हरिजनचेंज्ड पाठवता येतो. प्रत्येक अक्षरामागे जाहीर केलंत तर कटकट होते, टायपिंग क्षणभर थांबल्यावर करा.

स्क्रोल करताना शीर्षक वर चिकटून राहतं. त्याचा त्रास होतो का?

दोन प्रकारे. चिकटलेली प्रत ही वेगळा एलिमेंट असेल तर ट्रीमध्ये शीर्षक दोनदा येतं. प्रत ट्रीतून वगळा. आणि वरच्या अ‍ॅरोने जाताना फोकस असलेला आयटम त्या पट्टीखाली झाकला जातो. थोडीफार दृष्टी असलेले, स्क्रीन मोठी करून स्क्रीन रीडरही वापरणारे पुष्कळ लोक असतात. त्यांच्यासाठी स्क्रोल करताना पट्टीची उंची वजा करा.

आयटम एका गटातून दुसऱ्यात ओढून टाकता येतो. कीबोर्डसाठी काय करावं?

संदर्भ मेनूत 'गटात हलवा' आणि पुढे गटांची नावं. हलवल्यावर फोकस आयटमबरोबर नव्या गटात न्यायचा की जुन्या जागी ठेवायचा, हे ठरवून एकच पद्धत पाळा. आमचं मत जुन्या जागी, कारण माणूस सहसा एकामागून एक आयटम निस्तरत असतो. वेब सुलभता मार्गदर्शिकेच्या २.२ आवृत्तीत (२०२३) ओढण्याला पर्याय देण्याचा निकष २.५.७ आहे, पण तो एका पॉइंटरने काम व्हावं एवढंच सांगतो. कीबोर्डचा निकष वेगळा, २.१.१. मेनूने दोन्ही भागतात.

चाचणी नेमकी कशी करायची?

१. अ‍ॅक्सेसिबिलिटी इनसाइट्स किंवा विंडोज एसडीकेमधलं इन्स्पेक्ट उघडा. एका आयटमवर फोकस ठेवून त्याचे पॅरेंट वरपर्यंत बघा. मध्ये गट आहे का, त्याला नाव आहे का?
२. एनव्हीडीए सुरू करा आणि त्याच्या टूल्स मेनूतला स्पीच व्ह्यूअर उघडा. बोललेलं सगळं मजकुरात दिसतं आणि बगमध्ये चिकटवता येतं.
३. स्क्रीन बंद करा. यादीत शिरा, खाली जा, गटाची हद्द ओलांडा, मग वर परत या. वर येताना गटाचं नाव येतं का, हे बहुतेक जण तपासत नाहीत.
४. गट मिटवा, उघडा. फोकस कुठे आहे ते एनव्हीडीए की आणि टॅब दाबून विचारा.
५. होम, एंड, पेज डाउन आणि पहिलं अक्षर दाबून उडी, हे सगळं गटांच्या हद्दींवर करून बघा.
६. हेच नॅरेटरवर पुन्हा. एकाच स्क्रीन रीडरवर चाललं म्हणजे झालं असं धरू नका. काही स्क्रीन रीडर ट्रीतल्या उणिवा स्वतःच भरून काढतात आणि चूक झाकली जाते.

गट रिकामा असेल तर दाखवावा का?

नुसती यादी असेल तर लपवा. आयटम आणून टाकायची जागा म्हणून तो दिसायलाच हवा असेल, तर शीर्षकाला फोकस द्या आणि नावातच सांगा: 'उद्या, रिकामा'. आत 'काही नाही' असा खोटा आयटम ठेवू नका; तो '१ पैकी १' म्हणून मोजला जातो, निवडता येतो, आणि त्यावर डिलीट दाबल्यावर काय होतं याचा विचार कुणीच केलेला नसतो.